हायडनची लंडनवारी

आपल्या जुन्या घराण्यांतून विलायतेला जाऊन आलेले एखादे काका किंवा मामा असतातच. त्यांनी तेथे काय काय पाहिले याची यादी घरातल्या लहानथोरांना पाठ असते : वेस्टमिन्स्टर ॲबी, सेंट पॉलचा घुमट, राजाचा वाडा, घोड्यांच्या शर्यती आणि रस्त्यावरची गर्दी. प्रवासी परततो, ट्रंक उघडतो आणि पुढची वीस वर्षे दिवाळीच्या फराळाला तीच हकीकत चालू राहते. आज ज्या प्रवाशाची कथा सांगावयाची आहे, त्यानेही लंडनमध्ये हेच सारे पाहिले आणि वहीत टिपून ठेवले. फरक एवढाच की, तो निघाला तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होता, तोवर त्याने समुद्र पाहिला नव्हता, आणि आयुष्याची एकोणतीस वर्षे एका संस्थानिकाच्या चाकरीत काढून तो नुकताच मोकळा झाला होता. त्याचे नाव जोसेफ हायडन.

पाश्चात्त्य संगीताशी ज्यांचा परिचय नाही त्यांनीही हे नाव कानांवरून गेलेले ऐकले असेल. अनेक वाद्यांच्या मेळासाठी चार भागांत बांधलेली सिंफनी नावाची जी रचना आहे, तिला आजचे भारदस्त रूप ज्यांनी दिले त्यांत हा अग्रणी. मोझार्टचा हा वडीलधारा स्नेही आणि बेथोवनचा गुरू. पण मला त्याच्याविषयी जिव्हाळा वाटतो तो वेगळ्या कारणाने. माझे वडील दरबारच्या नोकरीतले. त्यामुळे हायडनचे चरित्र वाचताना परक्या देशातल्या माणसाची गोष्ट वाचतो आहोत असे मला कधी वाटतच नाही.

त्याचा जन्म ३१ मार्च १७३२ रोजी ऑस्ट्रियात, हंगेरीच्या सीमेजवळच्या रोराऊ या खेड्यात झाला. बाप गाड्यांची चाके करणारा कारागीर. त्याला स्वरलिपीचे अक्षरही येत नसे, पण दिवसभराचे काम आटोपले की तो हार्प घेऊन बसे आणि घरातली माणसे गाऊ लागत. मुलाचा गळा पाहून सहाव्या वर्षाच्या सुमारास त्याला शिकावयास दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे धाडले, आणि आठव्या वर्षी व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन या मोठ्या चर्चच्या गायकमुलांत त्याची निवड झाली. पुढे वयात येताना आवाज फुटला आणि चर्चचा आसरा सुटला. मग पोटमाळ्यावरची खोली, किरकोळ शिकवण्या, रात्री रस्त्यावरच्या मेळात वाजवणे असे हलाखीचे दिवस आले. त्याच काळात पोर्पोरा नावाच्या इटालियन गानगुरूची साथसंगत आणि पडेल ती सेवा करून त्याने रचनेची विद्या मिळविली. गुरुगृही राबून विद्या घेण्याची रीत आपल्याला काही नवी नाही.

१७६१ साली त्याचे दैव उघडले. हंगेरीतील एस्टरहाझी हे अत्यंत धनाढ्य असे राजघराणे. आपल्या भाषेत संस्थानिकच म्हणा. त्यांच्या पदरी दुय्यम संगीतप्रमुख म्हणून त्याची सालिना ४०० गुल्डनवर नेमणूक झाली. त्या वेळचा करार आजही उपलब्ध आहे. त्यात वेतनाबरोबर कलमेही पुष्कळ आहेत. दरबारचा गणवेश घालावा, मोजे पांढरे स्वच्छ असावेत, केसांना पावडर लावलेली असावी. दररोज दुपारपूर्वी आणि दुपारनंतर बाहेरच्या दालनात हजर राहून आज वाजवावयाचे आहे किंवा कसे ते विचारावे. धनी सांगतील ते रचावे, आणि जे रचले त्याची नक्कल त्यांच्या परवानगीवाचून कोणास देऊ नये. आपल्याकडे बडोद्याच्या कलावंत कारखान्यात गवई-वादकांची नावे पटावर असत, त्यांनाही हजेरीचे नियम असत. ज्यांच्या घरी अशी नोकरी होती त्यांना या कलमांत नवल वाटणार नाही. त्यांत अपमान होता असे त्या काळी कोणी मानीत नसे. त्यांत दोन वेळच्या अन्नाची हमी होती.

वर्षभरातच थोरले धनी वारले आणि त्यांचे बंधू निकोलस गादीवर आले. हे संगीताचे खरे शौकीन. ते स्वतः बॅरिटोन नावाचे वाद्य वाजवीत. हे वाद्य गजाने वाजते आणि त्याला आपल्या सारंगीप्रमाणे खाली तरफा असतात. त्या तरफा मागून अंगठ्याने छेडताही येतात. धन्याला वाजवावयास म्हणून हायडनने या एका वाद्यासाठी शंभराहून अधिक त्रिकुटे लिहिली. आज ते वाद्य जवळजवळ कोणी वाजवीत नाही. निकोलस यांनी हंगेरीच्या दलदलीच्या मुलखात एस्टरहाझा नावाचा भव्य वाडा उठविला. त्यात नाट्यगृह होते, बाहुल्यांच्या नाटकांचे वेगळे थिएटर होते. मात्र शहर कोसांवर नव्हते.

वादकांना बायकामुले तेथे आणावयाची मनाई होती. १७७२ साली धन्यांचा मुक्काम हिवाळा जवळ आला तरी हलेना, तेव्हा हातांखालच्या मंडळींनी हायडनला गाऱ्हाणे घातले. हे वादक त्याला पापा म्हणत, आपण घरातल्या कर्त्याला नाना किंवा अण्णा म्हणतो तसे. हायडनने अर्ज केला नाही. त्याने एक सिंफनी लिहिली. तिच्या अखेरच्या भागात एकेक वादक आपले वाजवणे संपवून समोरची मेणबत्ती विझवितो आणि निघून जातो. शेवटी अंधारात दोनच व्हायोलिने उरतात. धन्यांना अर्थ उमगला आणि दुसऱ्याच दिवशी परतीची तयारी सुरू झाली. निरोपाची सिंफनी म्हणून ती आजही वाजविली जाते. चाकराने धन्याला स्पष्ट शब्दांत न बोलता मनातले कसे सांगावे, याचा यापेक्षा चांगला दाखला मला ठाऊक नाही.

अशी एकोणतीस वर्षे गेली. हायडन जेथल्या तेथे होता, पण त्याच्या रचना छापील स्वरूपात पॅरिस-लंडनपर्यंत पोहोचल्या होत्या. १७७९ च्या नव्या करारात रचनांवरचा धन्याचा हक्क गेला आणि प्रकाशकांशी व्यवहार करावयास तो मोकळा झाला. लंडनमध्ये त्याचे नाव एवढे झाले होते की, १७८५ साली तेथल्या एका वृत्तपत्राने या गुणी माणसाला त्या आडरानातून पळवून इंग्लंडात आणावे अशी सूचना थट्टेने छापली होती. त्याला मात्र व्हिएन्नाला चार दिवस जावयाचे तरी परवानगी लागे.

२८ सप्टेंबर १७९० रोजी निकोलस वारले. नव्या धन्यांना, अँटन यांना, संगीताची हौस नव्हती. त्यांनी बहुतेक सारा ताफा मोडला. हायडनला मृत धन्यांच्या इच्छापत्राप्रमाणे सालिना १,००० गुल्डन मिळावयाचे होते. अँटन यांनी त्यांत ४०० ची भर घातली आणि काम काहीच ठेवले नाही. संस्थानी नोकरीत वाढलेल्या वाचकांना त्या माणसाची मनःस्थिती कळेल. डोक्यावरचे छत्र गेले याचे दुःख खरे, आणि रोज सकाळी बाहेरच्या दालनात उभे राहावयास नको ही सुटकाही खरी. तो व्हिएन्नाला येऊन राहिला. थोड्याच दिवसांत एक अनोळखी गृहस्थ दारात उभे राहिले. योहान सालोमन, मूळचे बॉनचे, लंडनमध्ये व्हायोलिन वाजवीत आणि जलसे भरवीत. धन्यांच्या मृत्यूची बातमी कळताच ते वाटेवरून तडक व्हिएन्नाला आले होते आणि हायडनला घेतल्यावाचून परत जाणार नव्हते. बोली ठरली : एक संगीतिका, सहा सिंफन्या, आणखी काही रचना, मिळून बाराशे पौंडांच्या घरात रक्कम. दरबारात असा आकडा त्याने स्वप्नातही ऐकला नव्हता.

स्नेह्यांनी काळजी केली. मोझार्टने तर वय झाले, परभाषा येत नाही, असे म्हणून थांबवावयाचा प्रयत्न केला. आपली भाषा सगळ्या जगाला कळते, असे हायडनने त्याला समजाविल्याचे सांगतात. १५ डिसेंबर १७९० रोजी दोघांनी डोळ्यांत पाणी आणून निरोप घेतला. मोझार्ट तेव्हा चौतीस वर्षांचा होता. पुन्हा भेट व्हावयाची नव्हती.

१ जानेवारी १७९१. फ्रान्सच्या कॅले बंदरातून जहाज सुटले आणि संध्याकाळी डोव्हरला लागले. हा सारा दिवस हायडन डेकवर उभा होता. वारा वाढला, लाटा उसळू लागल्या, बरोबरचे प्रवासी आजारी पडून खाली गेले, पण हा त्या अफाट पाण्याकडे पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी तो लंडनला पोहोचला.

लंडन तेव्हा दहा लाखांच्या जवळपास वस्तीचे, युरोपातील सर्वांत मोठे शहर होते. ग्रेट पल्टनी स्ट्रीटवर सालोमनबरोबर त्याचे बिऱ्हाड होते, समोरच ब्रॉडवुड यांचे पियानोचे दुकान. आल्याबरोबर वर्तमानपत्रांतून त्याचे नाव झळकले आणि जेवणाची आमंत्रणे सुरू झाली. महागाईने आणि फेरीवाल्यांच्या आरोळ्यांनी तो हैराण झाला. दुपारी दोनच्या आत कोणास भेटावयाचे नाही असा नियम करून तो सकाळी लिहावयास बसे, आणि पुढे गावाबाहेर लिसन ग्रोव्ह येथे शांत जागा पाहून राहिला.

मात्र दिवसातून जो वेळ उरे, त्यात हा म्हातारा शाळकरी मुलाच्या उत्साहाने शहर पाहत हिंडे. त्याच्या वह्यांत संगीताइतकेच इतर गोष्टींचे टिपण आहे : शहराला लागणारा कोळसा, वस्तूंच्या किमती, राजघराण्यातील हकिकती, ऐकलेले विनोद. लॉर्ड मेयरच्या मेजवानीला तो गेला तेव्हा तेथले वाजवणे त्याला असह्य झाले आणि पुरुषमंडळींचे रात्रभर चाललेले मद्यपान पाहून तो थक्क झाला. अ‍ॅस्कॉटच्या शर्यतीत स्वारांचे रंगीत पोशाख आणि त्यांना तराजूत घालून कसे तोलतात हे त्याने सविस्तर लिहून घेतले. दुसऱ्याच दिवशी, १५ जून १७९२ ला, तो विल्यम हर्शेल यांची प्रचंड दुर्बीण पाहावयास स्लाऊ येथे गेला. चाळीस फूट लांबीची ती नळी त्याने पाहिली आणि हर्शेल पूर्वी लष्करी मेळात वादक होते हेही आवर्जून टिपले. ज्याने १७८१ साली युरेनस ग्रह शोधला तो मूळचा आपल्याच धंद्यातला, याचे त्याला अप्रूप वाटले असावे.

११ मार्च १७९१ रोजी हॅनोव्हर स्क्वेअरच्या दिवाणखान्यात सालोमनचा पहिला जलसा झाला. बारा जलशांची वर्गणी पाच गिनी. समोर चाळीसएक वादक, म्हणजे एस्टरहाझाच्या ताफ्याच्या दुपटीच्या आसपास. पण खरा फरक श्रोत्यांत होता. दरबारात एक श्रोता प्रसन्न झाला की काम झाले. येथे शेकडो माणसे स्वतःचा पैसा देऊन आली होती आणि आवडलेला भाग टाळ्या वाजवून पुन्हा मागत होती. मे महिन्यात त्याच्या फायद्याचा म्हणून जो जलसा झाला त्यात दोनशे पौंडांची हमी होती, उत्पन्न साडेतीनशे झाले.

त्याच उन्हाळ्यात वेस्टमिन्स्टर ॲबीत हँडेलच्या स्मरणार्थ मोठा उत्सव होता. हजाराहून अधिक गायक-वादक एकत्र बसले होते. हालेलुया सुरू होताच सारी सभा उभी राहिली आणि हायडनच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. हँडेलही जर्मन मुलखातून परका म्हणून लंडनला आलेला, आणि त्याच मंदिरात राजांच्या शेजारी पुरलेला. एका संगीतकाराला एखादे शहर एवढे मानू शकते, हे हायडनने तेथे प्रथम पाहिले.

जुलैमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्याला डॉक्टर ही पदवी दिली. वहीत या समारंभाचा जमाखर्च आहे : घंटा वाजविण्यास दीड गिनी, झग्यास अर्धी गिनी, प्रवासास सहा गिनी. चाके करणाऱ्याच्या मुलाला पैशाची किंमत ठाऊक होती.

इकडे घरून मात्र बोलावणे आले. धनी अँटन यांना एका समारंभासाठी त्याच्याकडून संगीतिका हवी होती आणि त्यांनी परत येण्यास फर्माविले. हायडन लंडनच्या नव्या कराराने बांधलेला होता. त्याने नकार कळविला, आणि आता नोकरी गेलीच असे धरून चालला. त्याच सुमारास व्हिएन्नातील एका स्नेहशील बाईंना लिहिलेल्या पत्रात त्याने मन मोकळे केले आहे. धनी चांगले होते हे मान्य करून, आपल्याला कधीकधी हलक्या लोकांच्या मर्जीवर राहावे लागले, सुटकेसाठी आपण कितीदा उसासे टाकले, आणि आता कष्ट दुप्पट झाले तरी बांधलेले नसण्याची गोडी किती आहे, हे त्याने त्यांना कळविले. नोकरी गेली नाही. धन्यांनी थोडा राग दर्शविला एवढेच.

१७९१ च्या डिसेंबरात मोझार्ट गेल्याची वार्ता आली. किती दिवस हायडनचा त्यावर विश्वास बसेना. पुढच्या हंगामात प्रतिस्पर्धी मंडळीने त्याचाच शिष्य प्लेएल याला स्ट्रासबर्गहून आणून उभा केला. वर्तमानपत्रांनी गुरुशिष्यांची झुंज लावून पाहिली, पण ते दोघे एकत्र जेवत आणि एकमेकांच्या जलशांना जात. त्याच वर्षी सेंट पॉलच्या घुमटाखाली धर्मादाय शाळांतील चार हजार मुलांना एकसुरात गाताना त्याने ऐकले. आयुष्यात संगीताने एवढे कधी हलविले नाही अशी नोंद करून त्याने ती साधी चाल वहीत उतरवून घेतली. दुसऱ्या एका मोठ्या चर्चमध्ये गाणारा आठ वर्षांचा पोर त्या वेळी त्याच्या मनात जागा झाला असेल.

रेबेका श्रोटर नावाची एक विधवा त्याच्याकडे पियानो शिके. तिची प्रेमळ पत्रे त्याने वहीत स्वतःच्या हाताने उतरून ठेवली आहेत. आपण मोकळे असतो तर तिच्याशी लग्न केले असते, असे त्याने पुढे उतारवयात सांगितले. त्याचा संसार कधीच सुखाचा नव्हता. पत्नीने व्हिएन्नाहून लंडनला कळविले की, एक छोटेसे घर विकावयाचे आहे, ते घ्यावे, म्हणजे विधवा झाल्यावर मला उपयोगी पडेल. परतल्यावर हायडनने ते घर घेतले. बाई १८०० साली वारल्या. त्या घरात शेवटपर्यंत राहिला तो हायडनच.

१७९२ च्या उन्हाळ्यात तो परतला. बॉनमध्ये तरुण बेथोवन भेटला आणि त्याच वर्षी शिकावयास व्हिएन्नाला आला. १७९४ च्या जानेवारीत हायडन पुन्हा लंडनला निघाला. तो वाटेत असतानाच धनी अँटन वारले आणि दुसरे निकोलस गादीवर आले. या खेपेस त्याने बाथ पाहिले, पोर्ट्समथच्या बंदरात युद्धात पकडलेली फ्रेंच जहाजे पाहिली. २ फेब्रुवारी १७९५ च्या जलशात सिंफनी संपल्यावर लोक त्याला जवळून पाहावयास पुढे सरसावले, आणि मागच्या रिकाम्या जागेवर छताचे मोठे झुंबर कोसळले. कोणाचा जीव गेला नाही. दोन्ही फेऱ्यांत मिळून त्याने लंडनसाठी बारा सिंफन्या लिहिल्या. शेवटची ४ मे १७९५ च्या त्याच्या स्वतःच्या जलशात वाजली. त्या एका रात्रीत चार हजार गुल्डन पदरात पडले, म्हणजे पहिल्या नेमणुकीची दहा वर्षांची तनखा.

राजा-राणींनी त्याला राहावयाचा आग्रह केला, विंडसरच्या वाड्यात जागा देऊ केली. हायडनने नम्रपणे नकार दिला. धन्यांच्या घराण्याचे उपकार आहेत, पत्नी आहे, ही कारणे त्याने दिली. १५ ऑगस्ट १७९५ रोजी त्याने लंडन सोडले. बरोबर वह्या होत्या, पैसा होता आणि एक बोलका पोपट होता.

तो परत का गेला, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळीत असे. स्वातंत्र्याची एवढी गोडी लागलेला माणूस पुन्हा एस्टरहाझींच्या सेवेत का गेला? मीठ खाल्ल्याची जाणीव हे एक उत्तर आहे. दुसरे उत्तर त्यानेच उतारवयात चरित्रकारापाशी दिले आहे. त्या आडरानात हाताशी कायमचा ताफा होता. काय साधते, काय फसते हे करून पाहता येई. टीका करून गोंधळविणारे कोणी जवळ नव्हते, त्यामुळे आपल्याला स्वतःची वाट काढणे भागच पडले, असे त्याचे म्हणणे होते. लंडनने ज्या सिंफन्यांना टाळ्या दिल्या त्यांची विद्या दलदलीतल्या वाड्यात कमावलेली होती. हे तो विसरला नाही. दरबारावर रागावणे सोपे होते, त्याची आरती करणे त्याहून सोपे. त्याने दोन्ही केले नाही.

मात्र परतलेला हायडन पूर्वीचा राहिला नव्हता. नव्या धन्यांनी जुन्या रिवाजाप्रमाणे त्याला अरेतुरेच्या धाटणीत संबोधिले, तेव्हा त्याने ऑक्सफर्डचा डॉक्टर या नात्याने हरकत घेतली असे सांगितले जाते. पुढे त्याला दरबारातून अहोजाहोने हाक येऊ लागली. झग्यावर घातलेली ती अर्धी गिनी वाया गेली नव्हती.

लंडनचे ऋण त्याच्या उत्तरायुष्यात ठायी ठायी दिसते. इंग्रजांना राजासाठी एका सुरात गाताना ऐकून आपल्या सम्राटासाठीही असे गीत असावे असे त्याला वाटले, आणि १७९७ साली त्याने बांधलेली ती चाल आज जर्मनीचे राष्ट्रगीत म्हणून गायिली जाते. ॲबीतल्या त्या हजार कंठांची आठवण मनात ठेवून आणि सालोमनने दिलेली इंग्रजी संहिता आधाराला घेऊन त्याने सृष्ट्युत्पत्तीवरचे द क्रिएशन हे भव्य गीतकाव्य रचिले. ते १७९८ मध्ये प्रथम गायिले गेले.

१८०९ च्या मे महिन्यात नेपोलियनच्या तोफा व्हिएन्नावर धडाडत होत्या. एक गोळा घराजवळच पडला. सत्त्याहत्तर वर्षांचा हायडन घाबरलेल्या नोकरांना धीर देत होता आणि रोज पियानोपाशी बसून सम्राटाचे गीत वाजवीत होता. शहर पडल्यावर एक फ्रेंच अधिकारी भेटीस आला आणि द क्रिएशनमधील एक गीत गाऊन दाखवून गेला. ३१ मे रोजी हायडनने देह ठेवला.

आज कोणी लंडनला गेले तर हॅनोव्हर स्क्वेअरचे ते दिवाणखाने दिसावयाचे नाहीत. ते १९०० साली पाडले. एस्टरहाझाचा वाडा मात्र हंगेरीत उभा आहे आणि लोक तिकीट काढून तो पाहतात. बाहेरच्या दालनातही जाता येते. तेथे हुकमाची वाट पाहत रोज दोनदा एक माणूस पांढरे मोजे घालून उभा राहत असे.